मेंदे पट्टीकापड: मोजमापापासून शिवणीपर्यंत

पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या देशाच्या दक्षिण आणि पूर्व भागात, म्हणजे बो, केनेमा, कैलाहुन, पुजेहुन या जिल्ह्यांच्या परिसरात, मेंदे लोकांची वस्ती आहे. त्यांच्याकडे सुती कापड एकदम पूर्ण पन्ह्याने, म्हणजे पूर्ण रुंदीचे, विणले जात नाही. आधी हाताच्या वितीएवढी किंवा तिच्याहूनही अरुंद अशी एकच लांबलचक पट्टी विणली जाते, मग तिचे ठरलेल्या मापाचे तुकडे करून ते काठाला काठ लावून शिवले जातात आणि या शिवणींतून पांघरूण, नेसूचे वस्त्र, सदरा किंवा सरदाराच्या बैठकीमागे टांगायचा पडदा तयार होतो. मेंदे भाषेत कापडाला ‘कुला’ आणि कापसाला, तसेच सुताला, ‘फांदे’ म्हणतात. देशात सर्वत्र या कापडाचे चालते नाव ‘कंट्री क्लॉथ’ असे आहे. यांतील सर्वांत मोठ्या, जाड आणि प्रतिष्ठेच्या कापडांना ‘क्पोक्पो’ हे नाव आहे. त्यातील ‘क्प’ हे जोडाक्षर तोडून न म्हणता क आणि प एकाच झटक्यात उच्चारायचे असते.

या लेखात मेंदे पद्धतीचे, सहा पट्ट्यांचे, साधारण ९० सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर लांब असे एक पांघरूण घरच्या गच्चीवर किंवा लांब ओसरीवर कसे करावे, ते क्रमाने सांगितले आहे. जिथे मूळ पद्धत सोडून आपल्या सोयीची वाट धरली आहे, तिथे तसे नमूद केले आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी: विणणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. कापड चांगले होणार की नाही, हे मागावर बसण्यापूर्वी कागदावर केलेल्या हिशेबात ठरते आणि मागावरून उठल्यानंतर घातलेल्या शिवणीत सिद्ध होते.

सूत

मेंदे बायका कापूस वेगळ्या शेतात लावत नसत. डोंगरउतारावरचा झाडोरा तोडून, जाळून, आपल्याकडच्या कुमरी शेतीसारख्या पद्धतीने भात पेरला जाई आणि त्याच भातात कापसाचे बी टाकले जाई. भाताची कापणी झाली, कोरडा हंगाम लागला की बोंडे वेचायची. पांढऱ्या कापसाबरोबर निसर्गतःच तपकिरी रंगाचा कापूसही असे, त्यामुळे न रंगवताच दोन रंगांचे सूत हाती येई. सरकी काढायची ती लोखंडी सळई कापसावरून लाटण्यासारखी फिरवून, आणि सूत काढायचे ते हातचातीवर. हे सर्व काम बायकांचे. माग मात्र पुरुषांचा, आणि तोही मुख्यतः नोव्हेंबर ते एप्रिल या पावसाविरहित महिन्यांत उघड्यावर लावलेला.

एका मागाला पुरेल इतके सूत काढायला विणण्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो, हे ज्याने टकळी हाती धरली आहे त्याला वेगळे सांगायला नको. १८३९ मध्ये ‘अमिस्ताद’ या जहाजावर बंड करून अमेरिकेत पोहोचलेल्या बंदिवानांमध्ये बहुतेक जण मेंदे होते. त्यांच्यापैकी एकाने पुढच्या वर्षी छापलेल्या माहितीत असे सांगितले की, लग्नासाठी त्याने मुलीच्या घरी इतर वस्तूंबरोबर दहा कापडे दिली होती आणि ती कापडे त्याच्या आईने केली होती. माग पुरुषांचा असूनही मुलगा कापडाचे श्रेय आईला देतो, यावरून सुताचे मोल काय होते ते कळते. हे कापड तेव्हा चलनासारखेही वापरले जाई: वधूमूल्य, दंड, भेट आणि प्रेताचे आच्छादन या सर्वांसाठी ते लागे.

पहिल्या प्रयत्नासाठी आपण स्वतः सूत काढू नये, कारण कच्चा पीळ ताण्यात, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांत, टिकत नाही आणि तुटलेले धागे जोडण्यातच उमेद संपते. १० नंबरचे दुपदरी सुती सूत घ्यावे. किती घ्यावे, याचा हिशेब असा. प्रत्येक पट्टीत उभे धागे १२८. सहाही पट्ट्या एकाच ताण्यावर विणायच्या तर अकरा-बारा मीटर सलग जागा लागेल. ती सहसा नसते, म्हणून तीन-तीन पट्ट्यांचे दोन ताणे करावेत, प्रत्येकी सहा मीटर लांबीचे. १२८ धागे गुणिले सहा मीटर गुणिले दोन म्हणजे १,५३६ मीटर. या सुताचे एका किलोत सुमारे साडेआठ हजार मीटर बसते, तेव्हा ताण्याला साधारण १८० ग्रॅम लागते. बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, सुमारे १,३३० मीटर, म्हणजे १६० ग्रॅमच्या आत-बाहेर लागते. दोन्ही मिळून ३४० ग्रॅम होतात. ४०० ग्रॅम आणावे, त्यातले ३०० पांढरे ठेवावे आणि १०० रंगवावे.

रंग

जुन्या मेंदे कापडातील रंग मोजकेच आहेत: पांढरा, कापसाचा तपकिरी, निळा आणि कोला फळाच्या बियांपासून मिळणारा तांबूस तपकिरी. निळा रंग ‘गारा’ नावाच्या वेलीच्या पानांतून काढतात. ही आपल्या नीळीच्या झुडपाची दूरची नातेवाईक असून तिची कोवळी पाने कुटून, गोळे करून वाळवतात आणि लाकडाच्या राखेच्या क्षारयुक्त पाण्यात आंबवतात. सिएरा लिओनमध्ये पुढे ‘गारा’ हा शब्द बांधणीसारख्या गाठी मारून रंगवलेल्या गिरणीच्या कापडालाही लागला. बाजारात त्या नावाने जे मिळते ते सहसा पट्टीकापड नसते, हे विकत घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

आपल्याला गारा मिळणार नाही, पण नीळ मिळते. आंबवण्याची पद्धत उत्तम असली तरी ती साधायला आठवडे लागतात. म्हणून इथे सोपी पद्धत देतो: नीळीची पूड एक भाग, विझवलेल्या चुन्याची पूड दोन भाग आणि फळांची साखर, म्हणजे फ्रुक्टोज, तीन भाग. १०० ग्रॅम सुताला २० ग्रॅम नीळ, ४० ग्रॅम चुना आणि ६० ग्रॅम साखर पाच-सहा लिटर कोमट पाण्यात पुरते. नीळ आधी थोड्या गरम पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवावी, मग साखर आणि शेवटी चुना थोडा थोडा घालावा. चुना त्वचा आणि डोळे भाजतो, म्हणून हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हे काम करू नये, आणि रंगाचे भांडे पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये. तासाभराने पाणी हिरवट-पिवळसर दिसू लागले, वर तांबूस चमक आणि निळा फेस आला, की पात्र तयार झाले. सुताची लडी चार ठिकाणी सैल बांधून, पाण्यात पूर्ण भिजवून, पिळून, हळूच आत सोडावी. तळाशी बसलेला चुना ढवळू द्यायचा नाही. पाच मिनिटांनी काढली की ती हिरवी दिसते आणि हवेत धरल्यावर डोळ्यांदेखत निळी होते. एकाच वेळी बराच वेळ बुडवून गडद रंग येत नाही. थोडा वेळ बुडवणे आणि तितकाच वेळ हवेत धरणे, असे पाच-सहा वेळा करावे. शेवटी पाण्यात थोडे व्हिनेगर घालून लडी धुवावी आणि मग स्वच्छ पाणी निघेपर्यंत खळबळून सावलीत वाळवावी.

नक्षीचा हिशेब

अरुंद पट्टी ही मागाची मर्यादा आहे, असे पाहणाऱ्याला वाटते. वस्तुतः पट्टी हे नक्षीचे एकक आहे. पट्टीत फक्त आडवे रंगीत पट्टे असले, तरी दोन पट्ट्या शेजारी ठेवताना एक थोडी सरकवली की पट्ट्यांच्या चौकटी होतात. मात्र पट्टे सारख्या मापाचे नसतील तर तीच चौकट सहाव्या पट्टीपर्यंत पोहोचताना पार तिरकी झालेली असते.

आपल्या पांघरुणात प्रत्येक पट्टीत पंधरा चौकोन ठेवू: पांढऱ्या बाण्याचा एक, निळ्या बाण्याचा एक, असे आळीपाळीने. पंधरा हा आकडा मुद्दाम विषम निवडला आहे. पहिली पट्टी पांढऱ्याने सुरू होऊन पांढऱ्यानेच संपते, त्यामुळे विणकाम न थांबवता पुढे चालू ठेवले की दुसरी पट्टी आपोआप निळ्याने सुरू होते आणि तिसरी पुन्हा पांढऱ्याने. पहिला ताणा असा संपला, की दुसरा निळ्याने सुरू करायचा. सहा पट्ट्या शेजारी मांडल्या की बुद्धिबळाचा पट तयार होतो आणि एकही पट्टी उलटी लावावी लागत नाही.

ताण्यात दोन्ही काठांना चार-चार धागे निळे आणि मधले १२० पांढरे ठेवावेत. शिवल्यावर दोन काठ एकत्र येऊन आठ धाग्यांची एक निळी रेघ दिसते आणि शिवण तिच्यात लपते. ताण्याचे पांढरे धागे निळ्या बाण्यातूनही दिसत राहतात, त्यामुळे निळे चौकोन फिकट आभाळी दिसतील. क्पोक्पोसारख्या भारी कापडात रंग गडद आणि सलग दिसतो, कारण त्यात उभे धागे विरळ ठेवून बाणा इतका घट्ट ठोकलेला असतो की ताणा पूर्ण झाकला जातो. त्या विणीला सूत आणि वेळ दोन्ही खूप अधिक लागतात. तो दुसऱ्या कापडाचा विषय ठेवावा.

ताणा घालणे

गच्चीवर सहा मीटर अंतरावर दोन मजबूत खुंट पक्के करावेत आणि एका खुंटाजवळ, वीतभर अंतरावर, तिसरी खुंटी ठोकावी. सूत पहिल्या खुंटाला बांधून चालत दुसऱ्यापर्यंत न्यायचे आणि परत आणायचे. प्रत्येक वेळी तिसऱ्या खुंटीजवळ जाताना वरून आणि येताना खालून, अशी धाग्यांची फुली पाडायची. ही फुली म्हणजे धाग्यांची हजेरी आहे. ती सुटली तर कोणता धागा कोणानंतर, हे पुन्हा कधीच कळत नाही. १२८ धाग्यांसाठी चौसष्ट खेपा होतात, म्हणजे एका ताण्याला पाऊण किलोमीटरहून अधिक चालणे होते. दर सोळा धाग्यांनंतर रंगीत दोरी अडकवून ठेवली की मोजणी चुकत नाही. ताण सर्व खेपांत सारखा राहावा म्हणून हे काम एकाच माणसाने, एकाच बैठकीत करावे. संध्याकाळी दमल्यावर घातलेले धागे नेहमी सैल निघतात.

ताणा उतरवण्यापूर्वी फुलीच्या दोन्ही बाजूंना दोन गुळगुळीत काठ्या घालून त्यांची टोके एकमेकींना बांधून टाकावीत.

तिवईचा माग

पश्चिम आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत विणकर एका जागी बसतो आणि ताण्याच्या टोकाला दगड ठेवलेला असतो. कापड विणले जाते तसा तो दगड जमिनीवरून विणकराकडे ओढला जातो. मेंदे आणि त्यांच्या काही शेजाऱ्यांचा माग याच्या उलट चालतो. तिथे ताणा जागच्या जागी ताणलेला असतो, त्याच्यावर तीन काठ्यांची तिवई उभी असते, धागे वरखाली करणारी यंत्रणा तिवईला लटकते आणि विणकर स्वतः तिवईसह पुढे पुढे सरकत जातो. सगळा माग म्हणजे तीन काठ्या आणि थोड्या दोऱ्या, त्यामुळे तो कुठेही उभा करता येतो. घरात प्रयोग करणाऱ्याला याहून स्वस्त माग सापडणार नाही.

दीड मीटर लांबीचे तीन बांबू घेऊन वरची टोके घट्ट बांधावीत आणि पाय फाकवून तिवई उभी करावी. वरच्या बांधावर सुताचे रिकामे लाकडी रीळ आडवे अडकवावे, म्हणजे त्यावरून दोरी सहज फिरेल. या दोरीच्या दोन टोकांना दोन हील्ड बांधायच्या. हील्ड म्हणजे वर एक आणि खाली एक अशा दोन काठ्यांमध्ये ओवलेले दोऱ्याचे फास, ज्यांच्या मध्यभागी धागा ओवायचा डोळा असतो. प्रत्येक हील्डमध्ये चौसष्ट फास हवेत. ते सारख्या मापाचे व्हावेत म्हणून फळीवर चार खिळे ठोकून त्यांभोवतीच सर्व फास बांधावेत. नजरेने केलेले फास कमी-जास्त होतात आणि मग धाग्यांमध्ये धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारे साधन, जाण्याइतकी स्वच्छ फट पडत नाही. दोन्ही हील्डच्या खालच्या काठ्यांना एकेक दोरी बांधून तिच्या टोकाला पायाचा अंगठा अडकेल असा फास करावा. एक पाय दाबला की एक हील्ड खाली आणि दुसरी वर जाते.

फणी, म्हणजे उभे धागे सारख्या अंतरावर ठेवणारी आणि आडवा धागा ठोकून बसवणारी दातेरी चौकट, विकत घ्यावी. इंचाला दहा घरे असलेली फणी घेऊन प्रत्येक घरात दोन धागे भरले की १२८ धागे चौसष्ट घरांत, म्हणजे सव्वासोळा सेंटिमीटरांत बसतात. विणताना काठ आत ओढले जातात आणि पट्टी सुमारे पंधरा सेंटिमीटर राहते. भरणी अशी: फुलीतून येणारा पहिला धागा पहिल्या हील्डच्या डोळ्यात, दुसरा दुसऱ्या हील्डच्या डोळ्यात, आणि दोन्ही मिळून फणीच्या एका घरात. ती पूर्ण झाल्यावर दोन्ही पाय आळीपाळीने दाबून फट पाहावी. एकही धागा चुकला असेल तर आत्ताच सोडून पुन्हा भरावा. ‘एका धाग्याने काय होते’ असे म्हणून पुढे गेलेल्याला त्या ताण्याच्या तिन्ही पट्ट्यांत तीच चूक सोबतीला मिळते.

ताण्याचे लांबचे टोक दूरच्या खुंटाला बांधावे. जवळचे टोक एका आडव्या दांडीला बांधून ती मांडीवर घ्यावी आणि दांडीच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या कमरेच्या बाजूंनी मागे नेऊन मागच्या खुंटाला सैल करता येईल अशा गाठीने बांधाव्यात. दांडीची ही मांडणी घरगुती सोय आहे. विणलेली पट्टी दांडीवर गुंडाळायची, दोरी थोडी सैल करायची आणि पाट तिवईसह एक हात पुढे सरकवायचा.

विणणे

सुरुवातीला जाड टाकाऊ सुताच्या सात-आठ ओळी विणाव्यात, म्हणजे गाठींमुळे फाकलेले धागे सारखे होतात. मग पांढऱ्या सुताची कांडी, म्हणजे गुंडाळी, धोट्यात घालून खरे काम सुरू करावे. पाय दाबा, धोटा टाका, आडवा धागा थोडा तिरका ठेवा, फणीने ठोका, पाय बदला. धागा सरळ ताणून ठेवला तर पट्टी कमरेसारखी आत जाते आणि काठाचे धागे तुटू लागतात.

चौकोनाचे माप घेताना नवशिका हमखास चुकतो. ताणलेल्या अवस्थेत मोजलेले दहा सेंटिमीटर मोकळे केल्यावर साडेनऊच भरतात. मी पहिल्या कापडाला नुसती मोजपट्टी लावली आणि दिवसभरात ताण जसा कमी-जास्त झाला तसे चौकोनही लहान-मोठे झाले. म्हणून धागे मोजावेत: एका चौकोनाला ८४ आडवे धागे, आणि ते ताणावर साडेदहा सेंटिमीटर भरतात का, हे काठीवर खूण करून ताडून पाहावे. दोन्ही जुळले नाहीत तर ठोका बदलला आहे असे समजावे. रंग बदलताना जुन्या धाग्याचे टोक दोन बोटे मोकळे ठेवून पुढच्याच फटीत वळवून घ्यावे. गाठ मारू नये, ती शिवणीत टोचते.

पंधरा चौकोन झाले की चार सेंटिमीटर ताणा न विणता सोडावा आणि पुढची पट्टी सुरू करावी. हात बसल्यावर एका चौकोनाला दहा-पंधरा मिनिटे लागतात, नव्वद चौकोनांना पंधरा ते साडेबावीस तास. उभा धागा तुटला तर तेवढ्याच लांबीचा नवा धागा त्याच डोळ्यातून आणि घरातून ओवून विणलेल्या भागात टाचणीभोवती गुंडाळावा. टोके शेवटी सुईने आत घालता येतात.

कापणे आणि शिवणे

पट्टी मागावरून काढल्यावर लगेच कापू नये. रात्रभर सैल पडू द्यावी, मग न विणलेल्या जागी मधोमध कापून दोन्ही टोकांच्या धाग्यांना चार-चारच्या गाठी माराव्यात. सहा पट्ट्या जमिनीवर शेजारी मांडून चौकोन जुळवावेत. एखादी पट्टी बोटभर लांब निघेलच. तो फरक शेवटच्या टोकाला ढकलू नये. प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्याला टाचणी लावून सारखा वाटून घ्यावा. मेंदे कापडांत चौकटी रेघेवर तंतोतंत बसलेल्या नसतात, आणि तो थोडासा डळमळीतपणा मला तरी या कापडाचा दोष वाटत नाही.

शिवण काठावर काठ चढवून घालायची नाही. दोन काठ एकमेकांना भिडवायचे आणि विणीच्याच सुताने, काठाच्या दोन-दोन धाग्यांतून, जवळजवळ तिरके टाके घालायचे. आपल्याकडे जुन्या लुगड्याला दंड घालताना, म्हणजे त्याचे तुकडे जोडून शिवताना, हाताला जी सवय होती, तीच इथे उपयोगी पडते. दोरा इतकाच ओढावा की उघडल्यावर शिवण सपाट बसेल. घट्ट ओढली तर कापडाला नळीसारखी घडी पडते. आधी दोन-दोनच्या तीन जोड्या कराव्यात, मग त्या एकत्र जोडाव्यात.

सदरा करायचा असल्यास पट्ट्या उभ्या ठेवाव्यात आणि कातरकाम शक्य तितके टाळावे. मधल्या दोन पट्ट्यांच्या शिवणीत डोके जाण्यापुरती जागा न शिवता सोडली की गळा तयार होतो, आणि बगलेखाली बाजू जोडल्या की सैल सदरा होतो. सरदारांचे आणि जुन्या योद्ध्यांचे सदरेही अशाच सरळ तुकड्यांतून उभे राहिलेले आहेत.

धुणे आणि ठेवणे

पहिली धुलाई शिवणीनंतरच करावी, म्हणजे पट्ट्या आणि टाके एकत्र आटतात आणि वीण दाटते. कोमट पाणी आणि सौम्य साबण घ्यावा. पहिल्या दोन-तीन वेळा पाणी निळे येते, तेव्हा दुसरे कपडे त्यात टाकू नयेत. पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे आणि सपाट पसरून सावलीत वाळवावे. ओले कापड दोरीवर टांगले तर त्याचे वजन शिवणीवर येते आणि पट्ट्या कमी-जास्त लांबतात.

कोणाकडे खरे जुने मेंदे कापड आले, तर ते धुण्याच्या फंदात पडू नये. सिएरा लिओनमधील १९९१ ते २००२ या यादवी युद्धाची सुरुवातच कैलाहुन जिल्ह्यातून झाली, मेंदे भागातील असंख्य कुटुंबे गाव सोडून पळाली आणि घरातल्या पेट्यांतली कापडेही गेली. त्यामुळे हाताने कातलेल्या सुताची जुनी कापडे आता दुर्मीळ आहेत. हातसूत ओळखायचे असेल तर उजेडाकडे धरून पाहावे: धागा कुठे जाड, कुठे बारीक दिसतो, तर गिरणीचा धागा एकसारखा असतो. अशी कापडे फ्रीटाउनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. फ्रीटाउनच्या संग्रहालयाजवळ उभा असलेला आणि २४ मे २०२३ रोजी वादळात कोसळलेला प्रसिद्ध ‘कॉटन ट्री’ मात्र या कापसाचा नव्हे. ती पांढरी सावर होती, आणि तिचा कापूस आपल्या सावरीसारखाच उशीत भरण्याच्या कामाचा, कातण्याच्या नव्हे.

पावसाळ्यात कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये. धुतलेल्या सुती चादरीत गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवावे, घडी शिवणीवर न घालता पट्टीच्या मध्यावर घालावी आणि दर दोन-तीन महिन्यांनी ती उलगडून दुसऱ्या जागी घालावी.